पदराला बांधलेली काच

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. अक्षर तर विचारू नका. कांड्या भरून भरून बोटांची टोकं जाड झाली आहेत, पेन नीट धरता येत नाही, ओळ खाली घसरते. ही वही कोणी वाचणार नाही, तांदळाच्या डब्यामागे ठेवणार आहे. तरी माफी मागितल्याशिवाय पुढे हात चालेना.

लिहायचं कारण असं की परवा माझी नणंद घरी आली. नर्सिंगची तीन वर्षं पुरी करून, पास होऊन. चाळीतल्या बायका दारात जमल्या आणि तिनं सगळ्यांना ती मुलाखतीची गोष्ट सांगितली. "आमची वहिनी वाघिणीसारखी आत शिरली," म्हणाली. बायका माझ्याकडे बघून हसल्या, एकीनं पाठीत थापटी मारली. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. असं झालं नव्हतं, हे मला तिथे बोलता आलं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून. पण तेव्हापासून चैन नाही. भाकरी थापताना, झोपताना, तेच. म्हणून जसं झालं तसं इथे लिहिते.

आमची खोली भिवंडीत, कामतघरला. आमचे हे मागावर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी आमच्या चाळीमागच्या आठ मागांच्या कारखान्यात कांड्या भरते. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, म्हणून कांडीवालीचा हात थांबून चालत नाही. कारखाना ज्यांचा, त्यांची म्हातारी आई दिवसभर दाराशी खाटेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवते. सगळे तिला नानी म्हणतात. तिच्या घरचे लोक पिढ्यान् पिढ्या भिवंडीतले, ती मराठी बोलते आणि रागावली की हिंदीत जाते.

नणंद आमच्याकडे शिकायला राहिली. गावात, मानकोलीच्या अलीकडे, शाळा सातवीपर्यंतच होती. चार वर्षं ती आमच्या खोलीत राहिली, खोक्यावर वही ठेवून अभ्यास करायची. मला वाण्याच्या पुडीचा कागद वाचून दाखवायची, मग म्हणायची, "आता तू वाच." मी अडखळले की हसायची नाही. मॅट्रिक पहिल्या झटक्यात पास झाली.

नर्स व्हायचं तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. शेजारच्या खोलीतल्या एका भय्याचं बोट मागाच्या पट्ट्यात सापडलं होतं. घरी आम्ही दोघीच. तिनं त्याचा हात फडक्यात गुंडाळला आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके घालताना ट्रे धरायला माणूस नव्हता तर हिनंच धरला. घरी आली तेव्हा बाहीवर रक्त होतं. मला म्हणाली, "वहिनी, मला भीती नाही वाटली गं. मी बघत होते, सुई कुठून घालतात ते."

मग पेपरात जाहिरात आली. ठाण्याच्या बाजूला एका दवाखान्याची नर्सिंगची शाळा, मॅट्रिक झालेल्या अविवाहित मुली, जानेवारीपासून वर्ग सुरू. तिनं अर्ज मागवला. तिकडे गावात सासूबाईंनी दापोड्याचं स्थळ धरून ठेवलं होतं. भाताची जमीन, दोन बैलजोड्या, एकुलता मुलगा. माघातला मुहूर्त धरायचा तर पौष लागायच्या आत त्यांना होकार पाहिजे होता.

सासूबाई कामतघरला आल्या आणि दारातच सुरू झाल्या. "मुडदे धुवाला धाडतंस का रं भयनीला? दापोड्यात तिला कोण मुडदा धुवाला सांगनार न्हाय."

हे म्हणाले, "आये, यादी लागू दे. नाव न्हाय लागलं तर दापोड्याला हो सांगू. मीच सांगीन."

नणंदेनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. एवढंच ठरलं. यादीत नाव, नाहीतर दापोडं.

अर्ज भरायला तीन संध्याकाळी लागल्या. गुणपत्रिकेच्या नकला हातानं लिहून हेडमास्तरांची सही आणायची, वर्तणुकीचा दाखला, फोटो. फोटो काढायला ती माझी जांभळी साडी नेसून गेली. फोटोवाला म्हणाला हसू नका, तर ती अशी काही गंभीर बसली की फोटो बघून हे म्हणाले, "हिला घेतील. पेशंट घाबरून बरे होतील." रजिस्टरची पावती मी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि रोज डब्यात हात घातला की ती आहे का ते बघायची.

मग वाट बघणं. पोस्टमन दुपारी तीनच्या पुढेमागे यायचा. मागांच्या आवाजात त्याच्या सायकलची घंटा ऐकू येत नाही, म्हणून मी सारखी उठून गल्लीच्या तोंडाशी जायची. परत येईतो कुठला तरी माग कांडीवाचून थांबलेला. कारागीर ओरडायचे. नानी खाटेवरून म्हणायची, "अगं, पायाला भोवरा लागलाय काय? बैठ एक जगह! तेरे चक्कर में माझा कपडा राहतोय." मी बसायची. सूत तुटायचं. गाठ मारायची, परत तुटायचं.

पत्र आलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुलाखत. खाली दोन ओळी होत्या. मूळ दाखले आणावेत. दागिने घालून येऊ नये.

शुक्रवार म्हटल्यावर मला बरं वाटलं. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात, मला सुट्टी, मी बरोबर जाऊ शकत होते. पण त्याच आठवड्यात बुधवारी गावात लग्न होतं. माझ्या चुलतसासऱ्यांच्या मुलीचं. नवरीमागे दिवा धरून उभी राहायला कुमारी करवली लागते आणि भावकीत लग्नाची राहिलेली बहीण म्हणजे आमची नणंदच. तिला नाही म्हणता येणार नव्हतं. दोन दिवस आधी आम्ही गावाला गेलो.

मंगळवारी दुपारी मांडवात कासार आला. हिरव्या बांगड्यांची माळ खांद्यावरून काढून पोत्यावर ठेवली आणि बायका गोल बसल्या. आमच्याकडे लग्नघरात सगळ्यांचे हात भरतात, सुनांचे, लेकींचे, पोरींचे. कुमारिकेला दोन्ही हातांत सारख्या. लग्न झालेलीच्या डाव्या हातात एक जास्त, ती नवऱ्याची. मला उजव्यात नऊ आणि डाव्यात दहा भरल्या. दहावी भरताना कासार प्रत्येकीला म्हणायचा, "ही मालकाची, जपून."

मग नणंदेची पाळी आली. ती हात मागे घेऊन उभी. म्हणाली, "मी नाही भरत. शुक्रवारी मुलाखत हाय."

मग एक काकी म्हणाली, "मोकल्या हातानं दिवा धरनार? नर्सबाई झाली का आताच?" दुसरी म्हणाली, "वहिनीनंच शिकवलं असंल. भिवंडीत राहतात ती." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

इथे मला खरं लिहायचं आहे. नणंदेचा हात मी धरला. मनगटाला धरून पुढे ओढला आणि कासारापुढे केला. ती मला हळूच म्हणाली, "वहिनी, पत्रात लिहिलंय." मी म्हणाले, "ते सोन्याचं लिहिलंय. काच म्हणजे काय दागिना हाय?" मला तसं खरंच वाटत होतं. आमच्यात दागिना म्हणजे सोनं, नाहीतर चांदी. बांगडी दागिन्यात कोण मोजतं? पण तेवढंच नव्हतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्या बघण्यातून सुटायचं होतं. आणि आणखी एक. तिचा हात धरला तेव्हा माझ्या मनात आलं होतं की ही गेली तर संध्याकाळी खोलीत माझ्याशी बोलणारं कोणी नाही. हे तेव्हा मनात आलं होतं हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

कासारानं तिच्या दोन्ही हातांत नऊ-नऊ भरल्या. "हात सैल सोड गं पोरी," म्हणाला, "एवढी आखडलीस तर दुसऱ्याच्या लग्नात तूच रडशील." बायका हसल्या. तीही हसली, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी हळद लागली, दिवा धरला, लग्न झालं. गुरुवारी रात्री आम्ही कामतघरला परत आलो. तिच्या हातापायांची हळद साबणानं घासली तरी गेली नाही. बांगड्या काढायच्या तर फोडाव्या लागल्या असत्या, इतक्या घट्ट होत्या. आणि आमच्याकडे मांडव उतरेपर्यंत चुडा फोडत नाहीत, आपसूक एखादी बांगडी फुटली तर तुकडा वाटेत टाकत नाहीत. पदराला बांधून आणायचा आणि मांडवाच्या मेढीपाशी, म्हणजे खांबापाशी, पुरायचा.

शुक्रवारी पहाटे उठलो. माग बंद, गल्ली शांत. त्या शांततेनं मला जास्तच भीती वाटली. एस्टीला गर्दी. उतरताना तिनं दांड्याला धरलं, मागून कोणाची तरी कोपर लागली आणि उजव्या हातातली एक बांगडी फुटली. मी पायरीवर वाकून तुकडे वेचायला लागले. कंडक्टर वरून ओरडला, "ओ बाई, काचा कसल्या वेचताय? हिऱ्याच्या हायेत काय? उतरा!" मी उतरले, मुठीत तीन तुकडे. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. तिच्या मनगटावर बारीक ओरखडा आला होता. तो तिनं रुमालानं दाबला आणि आम्ही चालायला लागलो.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकं टाकली होती. इतक्या मुली मी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. काही उभ्या, काही जमिनीवर, बऱ्याच जणींच्या हातात घड्याळ आणि दुसरा हात मोकळा. सगळ्या एकमेकींना टक्के विचारत होत्या. एकीचे आईवडील दोघंही मास्तर होते. एक शिपाई नंबर पुकारायचा. त्याला कोणीतरी विचारलं, जागा किती? तो म्हणाला, "जागा ओंजळभर, अर्ज पोतंभर. बसा खाली."

आमची नणंद हिरव्या चुड्यात, हळदीच्या हातांनी त्या सगळ्यांत अशी दिसत होती की कालच सासरी आली आहे. मला ते पहिल्यांदा तेव्हा दिसलं. घरी दिसलं नव्हतं. मी तिला म्हणाले, पदर हातावर घे. तिनं घेतला. थोड्या वेळानं उकडतंय म्हणून काढला. मी परत सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, गप्प बस ना."

तिचा नंबर आला. ती आत गेली. इतर मुली बराच वेळ आत राहत होत्या. ही लगेच बाहेर आली.

"काय झालं?"

"त्या म्हणतात माझं लग्न झालंय."

"कोण म्हणतं?"

"मेट्रन. मी नाही म्हटलं तर त्यांनी हात पुढे करायला लावले. मोजल्या, वहिनी. उजव्यात आठ, डाव्यात नऊ. म्हणाल्या, खोटं बोलू नकोस, मी इकडचीच आहे, मला माहीत आहे याचा अर्थ. माझ्या अर्जावर आडवी रेघ मारली."

बांगडी फुटल्याचं तिला तिथे सुचलंच नाही. सुचलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं, म्हणाली. शिपायानं पुढचा नंबर पुकारला.

माझ्या डोळ्यांसमोर दापोडं आलं. सासूबाई होकार कळवायला कोणाला पाठवतील तेही दिसलं. आणि तो हात, मी ओढलेला. मी उठले आणि दाराशी गेले. आत शिरले नाही. दाराशी उभी राहिले. परत फिरावं असं दोनदा वाटलं, एकदा फिरलेही. नणंद बाकावर खाली मान घालून बसली होती, तिनं बघितलं नाही. मी पुन्हा दाराशी. पुढच्या नंबरची मुलगी आत जायला आली, मी वाटेत. शिपाई म्हणाला, "बाई, आत नाहीतर बाहेर. दारात काय तोरण लावायला उभ्या आहात?" आणि त्यानं दार ढकललं. ते माझ्या पाठीला लागलं आणि मी आत गेले. वाघीण म्हणतात ती ही अशी.

आत टेबलामागे तीन जण होते. मधे पांढऱ्या साडीतल्या मेट्रन, बाजूला चष्मेवाले एक डॉक्टर, पलीकडे कारकून.

"तुम्ही कोण?" मेट्रननी विचारलं.

मी पदराची गाठ सोडायला लागले. सुटेना. घामानं घट्ट झाली होती. शेवटी दातांनी सोडवली आणि तुकडे टेबलावर ठेवले.

डॉक्टर म्हणाले, "अहो, हे काय? इथे काच कशाला टाकताय?"

मेट्रननी पेन्सिलीच्या टोकानं तुकडे एकाशेजारी एक सरकवले. तीन तुकड्यांची बांगडी झाली, एका जागी करंगळीच्या नखाएवढी फट राहिली. त्यांनी मान वर केली.

"कुठे फुटली?"

"एस्टीत." हा माझा पहिला शब्द.

"किती भरल्या होत्या?"

"नऊ-नऊ."

"तुमच्या?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांनी मोजल्या. नऊ, दहा. बांगड्या वाजत होत्या, कारकून ते ऐकत होता.

"तुकडे टाकले का नाहीत?"

"मांडव हाय अजून."

त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मांडव उतरेपर्यंत टाकत नाहीत, सर." मग पत्राची प्रत पुढे ओढली. "इथे स्पष्ट लिहिलं होतं, दागिने घालून येऊ नये."

"काचेच्या हायेत, बाई. दागिना न्हाय."

डॉक्टर हसले. त्या हसल्या नाहीत. "दरवर्षी दोन-तीन मुली लग्न लपवून येतात," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत सासरचे घेऊन जातात. ती जागा वाया जाते. बाहेर किती बसल्यात बघितलं ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"मुलीच्या कोण?"

"वहिनी."

"लिहिता येतं?"

"चवथी."

त्यांनी एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. मी अमुक, हिची भावजय, लिहून देते की ही मुलगी अविवाहित आहे, खोटं निघाल्यास प्रवेश रद्द व्हावा आणि अनामत जप्त व्हावी. भावजय मला नीट लिहिता आलं नाही. अनामतीचा अर्थ कळला नाही, तरी लिहिलं. शाईचा डाग पडला. इतका वेळ लागला की कारकुनानं मोठा श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, "द्या इकडे, मी लिहितो. त्यांनी सही करावी."

"त्यांनाच लिहू दे," मेट्रन म्हणाल्या.

मी सही केली. लग्नानंतरचं नाव तोवर मी एकदाच लिहिलं होतं, घरी, नणंदेनं शिकवलं तेव्हा.

मग त्यांनी नणंदेला परत बोलावलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, कोणी जा म्हटलं नाही. त्यांनी तिला गुण विचारले, घरचं विचारलं. रक्त बघितलं आहे का विचारलं तेव्हा तिनं बोटाची गोष्ट सांगितली, ट्रे धरल्याची. सुई कुठून घातली तेही सांगायला लागली. डॉक्टर पुढे वाकून ऐकत होते. शेवटी मेट्रननी आडव्या रेघेवर काहीतरी लिहिलं, बाजूला सही केली, आणि म्हणाल्या, "यादी पुढच्या शुक्रवारी. नाव लागलं तर मोकळ्या हातानं यायचं. सोनं नाही, चांदी नाही, काचही नाही."

जाताना त्यांनी तुकडे कागदात गुंडाळून मला परत दिले.

तो आठवडा कसा गेला सांगता येत नाही. मी कांड्या भरल्या, पण नानीनं अर्ध्या परत पाठवल्या, सैल भरल्या होत्या. रविवारी मांडव उतरला. गावाला जाऊन मी तुकडे मेढीच्या खड्ड्यात घातले. तिथेच सासूबाईंनी नणंदेच्या बांगड्या स्वतः फोडल्या, एकेक, फडक्यात धरून. "नाव न्हाय लागलं तर दापोड्याच्या नावानं परत भरीन," म्हणाल्या. मी मेढीचा खड्डा पायानं बुजवत राहिले.

शुक्रवारी हे यादी बघायला गेले. दुपारी दोनला परत आले. चप्पल काढली. पाणी मागितलं. सगळा तांब्या प्यायले. यादीसाठी कामतघरला आलेल्या सासूबाई भिंतीशी, आम्ही दोघी दारात.

"सांग ना रं!" सासूबाईच ओरडल्या.

"अकरावं हाय," हे म्हणाले. "वरून अकरावं."

नणंद उंबऱ्यावर बसली. सासूबाई म्हणाल्या, "दापोड्याला आता काय सांगाचा?" यांनी सांगितलं, "मी सांगीन. मीच बोललो व्हतो."

पण यादीबरोबर कागद होता. आठ दिवसांत अनामत अडीचशे रुपये. मुलगी तीन वर्षं पुरी करून पास झाली तर परत, मधेच सोडली तर बुडाली. शिवाय पांढऱ्या साड्या, बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, ट्रंक. ते दीडशे धरले. चारशे रुपये आमच्या खोलीत कधी एकत्र आले नव्हते.

मी नानीकडे गेले. खाटेसमोर उभी राहिले. तिनं दोनदा विचारलं काय पाहिजे.

"बोल की," ती म्हणाली. "मुंह में कांडी अटकी है क्या?"

मी सांगितलं. कसं ते आठवत नाही. ती ऐकत होती, मागांच्या आवाजात कानाला हात लावून. मग म्हणाली, "पोरगी पळून आली तर?"

"न्हाय येणार."

"तुला काय ठाऊक? तू काय तिच्या पायात बसलीस?" आणि मग, "दीडशे तुझ्या पगारातून दर आठवड्याला कापीन. अडीचशे तिकडून परत मिळतील तेव्हा आण. तोवर तुझी रात्रीची झोप माझ्याकडे गहाण." हसली. मला तेव्हा हसू आलं नाही, आणि तिचं म्हणणं खरंच झालं.

दीडशे दोन वर्षांत फिटले. त्याचं काही वाटलं नाही. अडीचशेची मात्र तीन वर्षं धाकधूक. पोस्टमन दिसला की कांडी हातातच राहायची. चौथ्या महिन्यात ती एका संध्याकाळी न कळवता दारात उभी राहिली, पिशवी घेऊन. तिच्या हातात एक बाळ गेलं होतं. "माझ्यानं नाही होणार, वहिनी," म्हणाली. मी तिला जेवायला वाढलं. रात्रभर ती रडली, मी शेजारी. मला काही समजावता येत नाही. पैशांचं माझ्या तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. सकाळी मी तिला विचारलं, बाळाची आई कशी आहे? ती म्हणाली, माहीत नाही, आज तिचे टाके बघायचे होते. मग थोड्या वेळानं तिनंच केस विंचरले आणि पिशवी उचलली. मी एस्टीपर्यंत गेले. परत येऊन कारखान्यात बसले तर नानी म्हणाली, "काल पोरगी आली होती म्हणे." मी म्हणाले, "भेटायला." तिनं पुढे विचारलं नाही.

परवा ती आली ती सगळं संपवून. बायकांना गोष्ट सांगितली, त्यात बसमधली बांगडी होती, मेट्रन होत्या, शिपाईही होता. कासारापुढे हात कोणी ओढला ते मात्र तिनं सांगितलं नाही. विसरली नसणार. ती काही विसरत नाही. मी चहा गाळताना तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि बोलत राहिली.

बायका गेल्यावर तिनं पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. अनामत परत मिळाली होती, अडीचशे.

काल गुरुवार, पगाराचा दिवस. मी पाकीट घेऊन नानीकडे गेले. तिनं नोटा दोनदा मोजल्या, मग त्यातली दहाची एक काढून माझ्याकडे सरकवली. "पोरीला मिठाई घे. माझ्याकडून."

मी नोट परत तिच्या हातात ठेवली. "आधी सगळे घ्या, नानी. मिठाई मग द्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आयला," म्हणाली, "ही बोलते!" आणि आत मुलाला हाक मारून वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारायला सांगितली. मी उभी राहून बघितलं. त्यानं रेघ मारली. चारशे रुपये फिटले.